चौथा अंगठा

माझ्या ओळखीच्या एका मुद्रकाच्या घरी एक लहानशी तबकडी होती. ती वाजू लागली की घरधनी उठून नळ दुरुस्त करायला जात. हे निरीक्षण माझे नव्हे, त्यांच्या पत्नीचे. आणि पाहुण्यांपुढे त्यांनी ते इतक्या वेळा बोलून दाखवले होते की त्यातला उपरोध झिजून केवळ माहिती उरली होती.

"यांच्या बहिणीची रेकॉर्ड लागली की आमच्या घरातले सगळे नळ गळायला लागतात," त्या म्हणत.

मुद्रक यावर हसत नसत आणि रागावतही नसत. हत्यारांची पेटी उचलून ते मोरीकडे वळत. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून चार गाणी, एकूण अकरा मिनिटे. अकरा मिनिटांत नळ दुरुस्त होत नाही, परंतु तबकडी संपते. आणि त्यांना तेवढे पुरत असे.

त्यांचा व्यवसाय हातछपाईचा. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले तलम कापड, त्यावरून रबरी पट्टीने ओढलेला रंग, आणि चौकट उचलताच खालच्या कागदावर प्रकट होणारे अक्षर: ही क्रिया मी त्यांच्या कार्यशाळेत कितीदा तरी पाहिली आहे, आणि दर वेळी मनोमन हात जोडले आहेत. माझ्या तीन पुस्तकांची मुखपृष्ठे त्यांच्या हातची. खाली राहते घर, जिना चढून गेले की दोन खोल्या. पहिलीत लांब टेबल, दुसरीत दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगलेले ओले कागद. कोपऱ्यात झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात टर्पेंटाइनने भिजलेल्या चिंध्या. त्यांचा एक नियम मोडलेला मी कधी पाहिला नाही. छापलेल्या कागदाच्या कोऱ्या कडेवर बोटाचा पुसटसा जरी डाग पडला, तरी तो कागद रद्दीच्या टोपलीत जाई.

"गिऱ्हाईक माझं काम नेतं," ते म्हणत. "माझं बोट कशाला न्यावं त्यानं?"

ही शुचिता कोणत्या अपराधातून जन्मली होती, हे त्यांनीच मला पुढे सांगितले, आणि लिहायलाही ना म्हटले नाही.

अडतीस वर्षांपूर्वी हे गृहस्थ एका छापखान्यात उमेदवारी करीत असताना, चार तरुणांनी मिळून एक वाद्यवृंद काढला होता. त्याचे नाव 'चौथी पाळी'. कारखान्याच्या तीन पाळ्या मालकाच्या, चौथी आपली, असा त्या नावाचा आशय. संगीताच्या त्या तापट, खरखरीत प्रकाराला पंक म्हणत, आणि या चौघांचे मत अराजकवादी होते. अराजक म्हणजे बेबंदशाही, ही आपली लौकिक समजूत. त्या चौघांच्या लेखी मात्र अराजक म्हणजे ज्या मांडणीत राजा नाही आणि कुणाला त्याची उणीवही भासत नाही अशी मांडणी. म्हणून त्यांच्यात कुणी पुढारी नव्हता. मतदानही त्यांना मान्य नव्हते, कारण मतदानात कुणीतरी हरतो. प्रत्येक निर्णय एकमताने व्हायचा. एकानेही 'नाही' म्हटले की तो विषय तिथेच मिटे. गाणारा बस आगारात मेकॅनिक होता, गिटारवाला टपाल वाटायचा, बेस वाजवणारा घरे रंगवायचा, आणि ड्रम्सवर होते आपले मुद्रक. सायकल दुरुस्तीच्या एका दुकानाखालच्या तळघरात त्यांची तालीम चाले.

मुद्रकांना चार वर्षांनी लहान अशी एक बहीण. सारे तिला धाकटी म्हणत, अजूनही म्हणतात. तिला वाजवायला त्यांनीच शिकवले होते. लाकडाच्या दोन पट्ट्या, एक उपडा डबा आणि जिन्याची पायरी एवढ्या सामग्रीवर. एकदा छापखान्यात काम निघाले म्हणून मुद्रक तालमीला जाऊ शकले नाहीत, आणि निरोप घेऊन गेलेली धाकटी त्यांच्या जागी बसली. झाले एवढेच. परंतु बाकीच्या तिघांच्या कानांना त्या दिवशी जी चव लागली, ती पुन्हा सुटली नाही.

पंधरवड्याने बैठक बसली.

"तू बरोबर वाजवतोस," गाणारा म्हणाला. "अगदी बरोबर वाजवतोस. तोच घोळ आहे."

"बरोबर वाजवणं हा घोळ कधीपासून झाला?"

"घड्याळ पण बरोबर असतं रे. पण घड्याळाच्या मागे कोण भांडायला निघतं? ती वाजवायला लागली की वाटतं, आता दार तुटणार."

धाकटी जुन्या टायरांच्या ढिगावर बसली होती. मग प्रथेप्रमाणे ज्याची त्याची संमती विचारण्यात आली. आणि ज्याला काढायचे, त्याचीही संमती अर्थातच हवी होती. तीन हात वर गेले. सर्वांत शेवटी, पण सर्वांत ताठ, मुद्रकांचा हात वर गेला. न्यायाची इतकी निष्ठुर रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. राजा असता तर निदान राजाला शिव्याशाप देता आले असते. इथे दाद मागायला गेले की ज्याच्या त्याच्याकडून एकच उत्तर मिळे: "तूच तर हात वर केला होतास."

पुढच्या महिन्यात तबकडी ध्वनिमुद्रित झाली. वेष्टनावर कुणाचेही नाव घालायचे नाही, असे ठरले.

"नावं मालकांची असतात," गाणारा म्हणाला. "आपण अंगठे उठवू. सगळेच अंगठाबहाद्दर."

चौघांचे चार अंगठे, पाठीमागच्या बाजूला, एका ओळीत. छपाईचे काम मुद्रकांकडे आले, कारण ते घरचेच, आणि उमेदवारी सांभाळून याच दोन खोल्यांत हातछपाई करू लागलेले. समतेच्या त्या सुंदर आराखड्यात छापणाऱ्याचाही एक अंगठा असावा, हे मात्र कुणाला सुचले नाही.

तिघे एकेक करून आले आणि छपाईची चौकट जिच्यावरून तयार होते त्या पारदर्शक फिल्मवर अंगठा टेकवून गेले. धाकटी शेवटी आली. इस्पितळाच्या धुलाईघरात तिला नोकरी लागली होती आणि तो तिचा पहिला दिवस होता.

"दादा, पटकन घे, उशीर होतोय," असे म्हणत तिने शाई लावलेला अंगठा टेकवला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेली.

फिल्मवरचा ठसा अजून ओला होता. लहानपणी ही भावंडे बोटांवरचे शंख आणि चक्रे मोजत असत. त्यांच्या अंगठ्यावर चक्र, एकातून एक वाढत जाणारी वर्तुळे. तिच्या अंगठ्यावर शंख, एकीकडून आत येऊन वळणाऱ्या आणि पुन्हा तिकडेच निघून जाणाऱ्या रेषा. चक्रवाला राजा होतो आणि शंखवाले त्याची भांडी घासतात, असे सांगून त्यांनी तिला पुष्कळदा रडवले होते. आता ते त्या शंखाकडे पाहत उभे राहिले. जिन्यात तिची पावले अजून वाजत होती, नेहमीप्रमाणे किंचित पुढे धावणारी. मुद्रकांनी डब्यातली चिंधी घेतली, एका हाताने ठसा पुसला, आणि त्या जागी आपला अंगठा उमटवला.

पाचशे वेष्टने छापून झाली. ठसे नखाएवढे, शाई दाट; कुणी निरखून पाहिले नाही, आणि पाहण्याचे कुणाला कारणही नव्हते.

तबकडीकडेही कुणी पाहिले नाही. एका वृत्तपत्रात दोन ओळी आल्या, त्यांतली एक पत्त्याची होती. तीनशे प्रती तळघरातच ओल खात पडल्या. अकराव्या महिन्यात वृंद मोडला, तोसुद्धा एकमताने. गाणारा बसगाड्यांखाली परतला, धाकटी चादरींत बुडाली, आणि जगाने त्या अकरा मिनिटांकडे पाठ फिरवली.

षड्रिपूंच्या यादीत मत्सर सर्वांत शेवटी येतो, आणि माझा अनुभव असा की जायलाही तो सर्वांत शेवटी जातो. काम वयाने ओसरतो, क्रोध झोपेने. मत्सराला मात्र दुसऱ्याचे अपयशसुद्धा शांत करीत नाही. ती तबकडी गाजली असती, तर मुद्रकांना जळायला निदान काही प्रतिष्ठित कारण मिळाले असते. ज्या गोष्टीचा जगाला पत्ताच नाही तिचा हेवा करणे, हे दुःख सांगावे तरी कुणाला? शिवाय त्यांना ती तबकडी तोंडपाठ होती. कोणत्या गाण्यात धाकटी कुठे घाई करते, कुठे काठी कडेला आपटते, आणि त्या चुकीतून गाणे कसे पेट घेते, हे त्यांच्याइतके कुणालाच कळत नव्हते. तिच्या वाजवण्याचा सर्वांत जाणता रसिक नेमका तिचा मत्सरी निघावा, हा योग विलक्षण खरा, पण दुर्मीळ नव्हे.

धाकटीने चौतीस वर्षे धुलाईघरात काढली. उकळते पाणी, सोडा, ब्लीच. काठ्या तिने पुन्हा हातात धरल्या नाहीत आणि त्याविषयी कधी खंतही बोलून दाखवली नाही. याचेही मुद्रकांना वैषम्य वाटे. जी वस्तू आपल्याकडून हिरावून घेतली, ती हिने इतक्या सहज कशी टाकून द्यावी? निवृत्त होण्याच्या सुमारास एकदा ती भावाकडे जेवायला आली होती आणि मीही तिथे होतो. इस्पितळात हजेरीचे नवे यंत्र बसले होते. बोट टेकवले की नाव उमटायचे.

"माझं बोट ठेवलं की मशीन म्हणतं, असं कुणी नाही," ती सांगत होती. "चौतीस वर्षं धुतेय, आणि मशीनच्या मते मी अजून कामावर आलेच नाहीये."

सारे हसले. मुद्रकही हसले. त्या विनोदात आपली शिक्षा लिहिलेली आहे, हे त्यांना त्या वेळी वाचता आले नाही.

गेल्या वर्षी एक तरुण बाई त्यांच्या कार्यशाळेत आली. विस्मृत तबकड्या शोधून ती आपल्या गॅरेजमधून त्यांच्या नव्या आवृत्त्या काढते, म्हणून तिला सगळे गॅरेजवाली म्हणतात. जुन्या सामानाच्या एका दुकानात तिला 'चौथी पाळी'ची प्रत सापडली होती. पुन्हा पाचशे प्रती काढायच्या, वेष्टन पुन्हा हातानेच छापायचे, आणि ते त्याच हाताने, असा तिचा आग्रह होता. या वेळी प्रत्येक प्रतीला आतमध्ये चार मोठे कागद. एकेका कागदावर एकेक अंगठा, जेवणाच्या ताटाएवढा. जुन्या वेष्टनावरून मोठे करून काढलेले नमुने तिने टेबलावर मांडले.

"हे बेसवाले. गेले ना ते?"

"सहा वर्षं झाली."

"आता त्यांचा एवढाच फोटो आहे म्हणायचा." मग ती चौथ्या कागदाकडे वळली. "आणि हा ड्रम्सचा. काय ठाम आहे हो! मधून सुरू होतो आणि सगळीकडे पसरत जातो. वाजवणंही डिट्टो असंच आहे की नाही?"

मुद्रक कागदाची कड सरळ करू लागले. स्तुती त्यांच्या अंगठ्याची, आणि ती जमा झाली बहिणीच्या नावावर. स्वतःच्याच अंगठ्याचा हेवा करण्याची वेळ माणसावर क्वचितच येत असेल.

"तुमच्या बहीणबाई रविवारी बघायला येणार आहेत," गॅरेजवाली म्हणाली. "मी फोन केला होता."

नखाएवढ्या डागात जे लपले होते, ते ताटाएवढ्या चक्रात लपणार नव्हते. धाकटीला ते पाहताक्षणी कळले असते. मुद्रकांसमोर दोन वाटा होत्या. त्यांनी प्रथम वाकडी धरली.

"हा जुना नीट उमटलेला नाही. रविवारी तिचा नवा घेतो."

"पण मजा तर जुन्याचीच आहे ना?"

"छापणार मी की तुम्ही?" मुद्रक म्हणाले, आणि तो विषय मिटला.

रविवारी सकाळी धाकटी आली. जिना आता ती एकेक पायरी चढते. मुद्रकांनी काचेवर शाई पसरली, तिचा अंगठा आपल्या हाताने त्यावर फिरवला आणि कागदावर टेकवला. उचलला तेव्हा कागदावर एक काळा लंबगोल होता. नदीतला गोटा असावा तसा. रेषा नव्हत्या.

"शाई जास्त झाली," ते म्हणाले. "हलकं दाब."

दुसरा ठसाही तसाच. तिसऱ्या वेळी त्यांनी अंगठा धुऊन, पुसून, पावडर लावून घेतला. मग भिंग काढले. शंखाचा एक वळसाही कुठे नव्हता. चौतीस वर्षांच्या पाण्याने तो नेला होता. आणि त्याचा जो एकमेव ठसा कधीकाळी या पृथ्वीवर होता, तो याच टेबलावर, एका चिंधीने...

"सांगितलं नव्हतं का मी?" धाकटी हसत म्हणाली. "मशीनलासुद्धा सापडत नाही. जाऊ दे दादा, जुनाच छाप. तेव्हा तरी होता ना मला अंगठा."

सुटकेची वाट तिनेच उघडून दिली होती. 'बरं' एवढा एक शब्द पुरेसा होता; नमुन्याचा कागद तिला आज दाखवायचा नाही, मग छापून झाल्यावर काय व्हायचे ते होवो. मुद्रक बराच वेळ भिंग पुसत राहिले. मग त्यांनी खण उघडला, चौथा कागद काढला आणि तिच्यापुढे पसरला.

"हा माझा आहे."

तिने चष्मा लावला. कागद पाहिला. मग त्यांचा उजवा हात धरला, उलटा केला आणि अंगठा कागदाशेजारी आणला.

"चक्र," ती म्हणाली.

"हो."

"माझा कुठे गेला?"

"पुसला."

"कशानं?"

"चिंधीनं."

"मी असताना?"

"तू जिन्यात होतीस."

मुद्रकांची पत्नी कप घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. दोघांचे चेहरे पाहून तशाच परत गेल्या. धाकटी उठली, कोपऱ्यातल्या डब्यातून चिंधी घेतली आणि आपला अंगठा पुसू लागली. फार सावकाश, नखाच्या कडेपर्यंत.

"एक 'नाही' पुरलं असतं," ती म्हणाली. "नियमच होता तो. त्या दिवशी तू नाही म्हणाला असतास तर विषय संपला असता."

"आणि तू?"

"मी? महिनाभर अबोला धरला असता. मग बसले असते परत जिन्यात डबा बडवत."

"तू माझ्यापेक्षा चांगलं वाजवत होतीस."

अडतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच बाहेर पडले होते, आणि त्याने काही हलके वाटले नाही, असे त्यांनी मला प्रांजळपणे सांगितले.

"ते मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "तू कधी म्हणतोस, एवढंच बघायचं राहिलं होतं. लोक हात दाखवून अवलक्षण करतात, तू अंगठा दाखवून केलंस." ती हसली नाही. काळ्या लंबगोलाचा कागद तिने त्यांच्यासमोर सरकवला. "हा छाप."

"यात काहीच नाहीये."

"चादरी आहेत, उशांचे अभ्रे आहेत. छाप. आणि कुणी विचारलं हा कोरा का, तर तू सांगायचंस. मी नाही. सगळं सांगायचं, चिंधीसकट."

"किती जणांना?"

"विचारतील तेवढ्यांना." मग थोडे थांबून ती म्हणाली, "गाणाऱ्याला आणि गिटारवाल्याला मी फोन करते, ते नाही म्हणणार नाहीत. तेव्हा छापणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, ते चुकलंच आमचं. आता विचारते. तुझा अंगठा काढायचा आणि हा घालायचा. संमती आहे?"

एक 'नाही' पुरले असते; ते तर आत्ताच त्यांनी ऐकले होते. मुद्रकांनी टेबलावरच्या चक्राकडे एकदा पाहिले. गॅरेजवाली म्हणाली होती ते खोटे नव्हते. अंगठा ठाम होता, देखणा होता. त्यांनी हात वर केला.

तबकडीची नवी आवृत्ती गॅरेजमध्येच निघाली. पन्नासेक माणसे जमली होती, मीही गेलो होतो. चारही मोठे कागद भिंतीशी दोरीवर टांगलेले; छपाई निर्दोष, कडा शुभ्र. पहिल्या तीन अंगठ्यांपुढून लोक सावकाश जात आणि चौथ्यापुढे येऊन थबकत. शेजारी मुद्रक उभे असत. मी पोचेपर्यंत त्यांनी सात जणांना सारी हकीगत सांगितली होती, चिंधीसकट; प्रत्येक वेळी कानांच्या पाळ्या लाल होत होत्या. ऐकून लोक त्यांच्याकडे न पाहता पुन्हा त्या काळ्या गोट्याकडेच पाहत.

"कोरा आहे हो तो," मुद्रक माझ्या कानाशी पुटपुटले. "एक रेघ नाही त्याच्यात. माझा किती साफ आला होता! तरी बघा, सगळे त्याच्याचसमोर."

अशा वेळी सांत्वन हा उद्धटपणा ठरतो.

एवढ्यात गॅरेजवालीने तबकडी लावली. मी सवयीने मुद्रकांकडे पाहिले. गॅरेजमध्ये नळ होता, दाराजवळच, आणि तो खरोखरच गळत होता. पहिले गाणे झाले. दुसऱ्यात ड्रम्स गाण्याच्या पुढे धावू लागले, जणू दार आता तुटणार.

"इथे घाई करते," मुद्रक दात-ओठ खात म्हणाले. "पहिल्यापासून. इथे थांबायला हवं होतं."

"थांबले असते, तर तुझ्यासारखं झालं असतं," मागून धाकटी म्हणाली.

तेवढ्यात एका बाईंनी चौथ्या कागदापुढे उभे राहून विचारले, "काका, हा एकच अंगठा कोरा का ठेवलाय?"

धाकटीने भावाकडे पाहिले.

"सांगतो," मुद्रक म्हणाले. "एवढं गाणं संपू द्या."

आणि नळाकडे पाठ करून ते ऐकत उभे राहिले.